दुसऱ्याच्या रायफलीची काडतुसे

“हरीण गोळीनं मरत नाही, हिशेबानं मरतं.”

वर्नर राउटिओ हे वाक्य इतक्या वेळा बोलला आहे की आमच्या शिकारी कॅम्पाच्या ओंडक्यांच्या भिंतींनाही ते पाठ झाले असेल. सॉनात, वाफेच्या न्हाणीत, तापल्या दगडांवर पाणी ओतताना तो हे बोले, मांस भरलेल्या पॅस्टीचा घास तोंडात असताना बोले, आणि दुसऱ्याने मारलेल्या हरणाजवळ उभा राहून तर हमखास बोले. ज्याने हरीण मारले त्याला आधी हे ऐकावे लागे, मग कॉफी मिळे.

मिशिगनच्या या वरच्या टोकाला पंधरा नोव्हेंबर उजाडला की हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, शाळा ओस पडतात आणि सेडरच्या दलदलीत बर्फ भुरभुरत असतो. माझा बाप याच जंगलात लाकूड तोडायचा, मीही तेच केले. इथे चांगली माणसे पाहिली, वाईटही पाहिली. वर्नर वाईटांत बसत नाही. वाईट माणसाला निदान काही हवे असते. वर्नरला फक्त बरोबर असायचे होते.

तळघरात त्याने एक बाक मांडला होता. त्यावरचा तराजू असा, की पापणीचा केस ठेवला तरी काटा हलावा. पितळी पुंगळ्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. गोळ्याही एकेक तोललेल्या. पुंगळीच्या बुडात ठिणगी देणारी टिकली दाबायची, दारू मोजून ओतायची, वर गोळी बसवायची. हे काम आमच्याकडे निम्मी घरे करतात, सप्टेंबरात बरण्या भरून ठेवाव्यात तितक्या सहज. वर्नर ते दार लावून करी. त्याचे हात मात्र देखणे चालत, खोटे कशाला बोलू.

पण कुठली गोळी निवडायची हे तो हरणाला विचारत नसे, कागदाला विचारी. ऑगस्टातल्या वारा पडलेल्या सकाळी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची आणि शंभर यार्डांवरच्या कागदाला तीन भोके पाडायची. तिन्ही एका नाण्याखाली झाकली की ती गोळी उत्तम. मग तो कागद शर्टाच्या खिशात घालून गावभर हिंडायचे आणि नातवाचा फोटो दाखवावा तसा दाखवायचा. आमच्या दलदलीत साठ पावलांपलीकडे दिसत नाही. साठ पावलांवर तुमच्या नाण्याचे हरणाला काय? तिथे जड, बोथट नाकाची गोळी लागते, बरगडीत शिरून फुलणारी आणि पुढे जात राहणारी.

भोके जवळ यावीत म्हणून त्याने एक युक्ती धरली होती. गोळी पुंगळीत कमी खोल बसवायची. मग काडतूस लांब होते, आणि रायफलीत भरले की गोळीचे नाक नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, जाऊन टेकते. करावे, हरकत नाही. फक्त ती लांबी त्या-त्या रायफलीत मोजून घ्यावी लागते, कारण प्रत्येक नळीचा गळा, म्हणजे आट्यांपर्यंतची मोकळी जागा, वेगळा. जेवायच्या आधी हात धुवावेत इतकी ही साधी गोष्ट आहे. ज्याची काडतुसे भरायची, त्याची रायफल आधी मागवायची.

सिल्वी लाहती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा नवरा ऑर्वो मार्चमध्ये गेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. एक हरीण मिळाले तर दोघींचा हिवाळा निघतो, नाही तर नाही. शाळा आणि सासू यांच्यातून तिला एकच दिवस मोकळा मिळाला, हंगामाचा शेवटचा.

ती वर्नरकडे गेली तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

“वर्नर, ऑर्वोची काडतुसं संपली रे. होती तशीच बारा भरून देशील?”

“ती बोथट गोळी? अगं, ती बैल मारायला ठीक आहे. मी तुला खरी काडतुसं देतो.”

“मला खरी-खोटी नकोत. तशीच दे. रायफल आणून ठेवू का?”

“कशाला? तुझी अन् माझी एकाच मापाची. माझ्या आकड्यांवर भरतो.”

मी म्हणालो, “आणू दे की रे तिला.” त्याने माझ्याकडे असे पाहिले जणू कुत्रा बोलला.

काडतुसे त्याने तिच्या त्या एका दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दिली, एकेक कापडात गुंडाळून.

“दोन उडवून बघते,” सिल्वी म्हणाली.

“उडवायला नाहीत ती. एकेक तोललंय मी!”

सकाळी तिने रायफल भरली तेव्हा बोल्ट, काडतूस आत ढकलणारी मागची दांडी, शेवटी थोडा घट्ट गेला. नवा माल, असेल, म्हणून तिने तळव्याने दाबला. दुपारपर्यंत काही दिसले नाही. जागा बदलावी म्हणून ती जुन्या कुंपणाशी आली. कुंपण ओलांडण्याआधी रायफल रिकामी करायची, हे आम्ही चालायला लागतो तेव्हाच शिकतो. तिने बोल्ट मागे ओढला. हातात नुसती पुंगळी आली. दारूचे काळे दाणे खसखशीसारखे सगळ्या यंत्रात सांडले. गोळी नळीतच रुतून बसली.

आणि कुंपणापलीकडे, चाळीस पावलांवर, नर आला.

आता दुसरे काडतूस भरून मागून उडवले तर नळी तोंडावर फुटते. ऑर्वोने तिला हे शिकवले होते. गोळी बाहेर ढकलायला गज हवा, तो मैलभर लांब कॅम्पात. तेव्हा ती बर्फात बसली, रायफल मांडीवर घेऊन. नराने सेडरची पाने खाल्ली, कान हलवले, तिच्याकडे पाहिले, पुन्हा खाल्ली. घाई कसली त्याला. मग तो अल्डरच्या झुडपांत शिरला आणि झुडपे मिटली.

ती कॅम्पात आली तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. वाल्फ्रिड, ज्याच्या आजोबांनी तो कॅम्प बांधला, त्याने ओसरीवर नळीत गज घातला. गोळी त्याच्या तळहातावर पडली. नाकाभोवती आट्यांचे ओरखडे होते. त्याने नळी बर्फाकडे धरून दुसरे काडतूस वर्नरच्या रायफलीत भरले आणि काढले. अख्खे निघाले. सिल्वीच्या रायफलीत भरले, पुन्हा नुसती पुंगळी हातात.

“बघ, वर्नर.”

“तिच्या रायफलीचा गळा आखूड आहे. माझा आकडा बरोबर आहे.”

“आकड्याला शिंगं किती होती रे?” मी विचारले.

आमचा एक जुना नियम आहे. ज्याच्यामुळे दुसऱ्याची शिकार हुकली, त्याने आपली द्यायची. वर्नरचा आठ टोकांच्या शिंगांचा नर समोर आडव्या खांबाला टांगलेला होता. सगळ्यांनी तिकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

“मी काही चुकवलेलं नाही,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी वीस भरून देतो. फुकट.”

“आणि हिवाळाभर काय शिजवू?” सिल्वी म्हणाली. “तुझा तो भोकांचा कागद?”

वाल्फ्रिड हळू बोलतो. “वर्नर, नर उतरव आणि हिच्या गाडीत टाक. नाही तर इथला तुझा पलंग दुसऱ्याला देतो. सव्वीस वर्षं झोपलास त्यावर.”

आता लाज वाटेल, असे मला वाटले. वर्नरने खिशातून वही काढली आणि लिहिले: लाहतीची रायफल, गळा आखूड. वही मिटली. मग खांबाजवळ जाऊन त्याने दोर सोडला, नर खाली घेतला, शिंगांना दोर बांधला आणि आपल्याच गाडीकडे ओढत निघाला. बर्फामुळे गाड्या अर्धा मैल खाली फाटकाशी होत्या. आमच्याकडे हरीण एकट्याने ओढत नाहीत. ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नाही, त्याच्याही दोराला हात लावतात. कोणी उठले नाही.

वाल्फ्रिडने स्वतः मारलेली हरिणी उतरवून फळीवर घेतली. “मागचे दोन्ही पाय तुझे, सिल्वी. पाठही घे.”

“आणि तुमचं?”

“माझी मुलगी देते मला. तू धर इकडून.”

खाली वाटेवर वर्नर दोनदा थांबला. दोन्ही वेळा त्याने दोर खाली ठेवून मागे पाहिले, जरा जास्तच वेळ. मग दोर खांद्यावर घेतला. सिल्वी फळीशी उभी होती, हात कोपरापर्यंत लाल. वळणावरच्या स्प्रूसमागे तो दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. मीही पाहिले. वाल्फ्रिडने मान वर केली नाही, तो सुरीला धार लावत होता.