जाळीवरचा हार

नव्याण्णव साली आमच्या साहेबांनी परदेशातून गाडी मागवली तेव्हा मला काडीचाही आनंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. साहेबांचा रंगांचा कारखाना धाटावला, घर रोह्यात आणि ऑफिस पेणला. मी त्यांचा ड्रायव्हर, राहायला नदीपलीकडे अष्टमीत. सोळा वर्षं मी त्यांना रोह्याहून पेणला नेलं आणि पेणहून रोह्याला आणलं. निडीच्या पुढचा कुठला खड्डा कोणत्या महिन्यात किती खोल होतो, हे मला बांधकाम खात्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि आता म्हणे गाडीच सगळं बघणार.

साहेबांनी मला पहिल्या दिवशी शेजारी बसवून शिकवलं. समोरच्या जाळीमागे रडार आहे. आपण वेग ठरवून द्यायचा आणि पाय काढून घ्यायचा. पुढे दुसरं वाहन आलं की गाडी आपली आपण हळू होणार, ते बाजूला गेलं की पुन्हा वेग धरणार. आपण फारच जवळ गेलो तर लाल दिवा लावून टूंटूं करणार.

"मग ड्रायव्हरने काय करायचं, साहेब?" मी विचारलं.

"बसायचं," साहेब हसत म्हणाले.

ते सहज म्हणाले असतील, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन बायकोला म्हटलं, "आता मला बसून पगार देणार हायत." ती म्हणाली, "मग वाईट काय त्यात?"

वाईट काय ते तिला चांगलं माहीत होतं. वर्षभरापासून माझ्या उजव्या डोळ्यावर दुधावर धरते तशी साय धरली होती. डाव्या डोळ्याने दिसायचं, पण अंतराचा अंदाज यायचा नाही. चहाचा कप मी बशीच्या बाहेर ठेवायचो. बायको रोज म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, "दाखवलं आन् त्यानं गाडी चालवू नको म्हणून सांगितलं तर? मला दुसरं काय येतं गो?" वय सेहेचाळीस, दोन मुली शाळेत. ड्रायव्हरचा डोळा गेला की त्याच्याकडे उरतं काय? ह्या भीतीपायी मी गप्प राहिलो आणि सोळा वर्षांच्या सवयीवर गाडी हाकत राहिलो.

सवय सगळ्यांना फसवू शकली, ह्या गाडीला नाही. मी कुठल्याही ट्रकच्या मागे जरा जवळ गेलो की हिचं टूंटूं सुरू. वडखळ नाक्यापर्यंत पाच वेळा, पेणपर्यंत आणखी तीन. मागच्या सीटवर साहेब पेपर वाचत असायचे. एकदा पेपर खाली घेऊन म्हणाले, "आज ही फारच बोलते आहे."

"आपलं ट्राफिक तिला कळत नाय, साहेब. परदेशी बाई हाय."

साहेब हसले, पण मला घाम फुटला. मी मनातल्या मनात तिला चुगलखोर म्हणायला लागलो.

आता खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यात मला तिचं कौतुकही वाटायचं. सकाळी नागोठणं सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला की मी तो वेग ठरवून द्यायचो आणि पाय काढून घ्यायचो. पाय ठेवायचा कुठे तेच सुरुवातीला कळेना; लग्नात आलेल्या नव्या जावयासारखा तो नुसता अवघडून बसायचा. पण पेणला उतरताना गुडघा दुखत नसे. पुढे टेम्पो आला की गाडी अशी अलगद हळू व्हायची की साहेबांचा पेपर हलायचा नाही. मी स्वतः इतकं अलगद कधी केलं असेल असं वाटत नाही.

मग दसरा आला. सोळा वर्षांत एकही दसरा असा गेला नव्हता की मी गाडीची पूजा केली नाही. सकाळी गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडली आणि समोरच्या जाळीवर झेंडूचा हार बांधला. गाडी मोठी म्हणून हारही हातभर जाड आणला होता. दुसऱ्या दिवशी पेणला निघालो. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, गाडी अवाक्षर बोलली नाही. समोर, वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या मध्ये इंग्रजीत एक ओळ उमटली होती. मी ती अक्षरं लावत लावत वाचली आणि समजलो. हाराने रडार झाकलं होतं. वेग धरायचंही बंद आणि चुगलीही बंद.

नकळत झालेली चूक इथवरच. पुढचं मी जाणूनबुजून केलं. दुसऱ्या दिवशी सुकलेला हार काढला आणि ताजा बांधला. तिसऱ्या दिवशीही तेच. रोह्याच्या बाजारातली फुलवाली विचारायला लागली, "दादा, नवस बोललाय काय?" साहेबांच्या पत्नीने तर माझं कौतुक केलं, की इतक्या श्रद्धेचा ड्रायव्हर हल्ली मिळत नाही. साहेबांनी एकदा विचारलं, "हल्ली ती गप्प कशी?" मी म्हटलं, "सवय झाली तिला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्या दिवशी मी आरशात त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बायकोच्या लक्षात आलं. ती फुलांच्या पुडीकडे बघून म्हणाली, "देवाच्या नावाखाली गाडीचं तोंड बंद करताय. ह्ये बरं नाय." मी तिच्यावर ओरडलो. ओरडलो कारण ती बरोबर होती.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. पेणहून रोह्याला परत येत होतो, दुपार कलली होती आणि ऊन समोरून डोळ्यात येत होतं. वडखळच्या पुढे आमच्यापुढे एक टेम्पो होता, हमरापूरहून निघालेला, माघातल्या गणपतीच्या मूर्ती भरलेला. मूर्ती अजून रंगवायच्या होत्या, नुसत्या पांढऱ्याशुभ्र, पेंढ्यात बसवलेल्या, आणि त्यांना धरून मागे एक माणूस बसला होता. मला उन्हात फक्त पांढरा झगमगाट दिसत होता. तो दूर आहे असं मी समजून चाललो. टेम्पो हळू झाला ते मला कळलंच नाही. त्या माणसाने दोन्ही हात वर केले तेव्हा मला हात दिसले. मी सगळा जीव ब्रेकवर दिला.

गाडी थांबली तेव्हा आमच्या जाळीत आणि त्याच्या लोंबत्या पायांत वीतभर अंतर होतं. टेम्पोही थांबला. तो माणूस खाली उतरला, माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं, आता कॉलर धरतो. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "दादा, दिसत नाय काय?"

रस्त्यावर हा प्रश्न रोज दहा वेळा कुणी ना कुणी कुणाला विचारतो. मला वर्षभरात तो कुणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाय."

टेम्पो गेला. साहेबांचा चष्मा खाली पडला होता, तो त्यांनी उचलला. म्हणाले, "अरे, आज ही ओरडली कशी नाही?"

मी खाली उतरलो, जाळीवरचा हार तोडून काढला आणि तो हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळं सांगितलं. डोळा, भीती, झेंडू, सगळं. साहेबांचा पारा चढला. "मला मारलं असतंस ते सोड. त्या माणसाचे पाय गेले असते. सोळा वर्षं बरोबर आहेस आणि तुला मला एक शब्द सांगता आला नाही?" ते खाली उतरून शेताच्या बांधापर्यंत चालत गेले. मला रडू येत होतं आणि ते मी दाबलंही नाही.

परत आले आणि हात पुढे केला. "चावी."

मी चावी दिली. दोन्ही हातांनी दिली, कारण ती शेवटची देतोय असं मला वाटलं.

"साहेब, उद्यापासून येऊ नको ना?"

"महिनाभर येऊ नकोस. डोळा नीट झाला की ये. आता डावीकडे बस."

साहेबांनी दहाएक वर्षं गाडीला हात लावला नव्हता. गाडी परत पेणकडे वळवताना त्यांनी दोनदा चाक भातशेताच्या कडेला उतरवलं. मी सांगत होतो, हळू, आता उजवीकडे, आता सोडा. गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "ते वेग धरायचं कसं करतात?" मी दांडी दाखवली. पुढे एस.टी. होती. गाडीने तिच्यामागे नेमकं अंतर राखलं आणि आम्ही दोघंही श्वास रोखून त्या अंतराकडे बघत पेणपर्यंत आलो. मध्येच कुणी घुसलं की ती टूंटूं करायची, साहेब दचकायचे आणि मला पहिल्यांदाच तो आवाज ऐकून बरं वाटायचं.

पेणच्या डोळ्याच्या दवाखान्यात आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. साहेबांच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता. डॉक्टरांनी डोळा बघितला, मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, काढला की स्वच्छ दिसेल, गाडीही चालवता येईल. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

बाहेर टेबलावर बसलेली बाई कागद भरत होती. माझं वय, पत्ता लिहून झाल्यावर तिने वर बघितलं.

"पेशंटबरोबर कोण आलंय?"

"मी," साहेब उठून म्हणाले.

"आपण यांचे कोण?"

साहेबांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

"ड्रायव्हर," ते म्हणाले.