बाउंड्रीवरचा कुंडलिक

सोलापुरात त्या काळी कुंडलिकच्या हातावर दुसरी धाव चोरायची कुणाची छाती नव्हती. मंगळवेढ्याच्या शिवारात गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकलून तयार झालेला हात तो. बाउंड्रीवरून सुटलेला बॉल थेट विकेटकीपरच्या हातात. एका कापडमिलच्या साहेबानं तो हात पाहिला आणि माणसाला तात्पुरती नोकरी देऊन टाकली. नाव मागखात्यात, काम मैदानावर. सकाळी हजेरी लावून सरावाला जायचं, एवढाच त्याचा मिलशी संबंध.

आणि त्याच्या नावावरचे दोन माग? ते ईश्वरप्पा चालवायचा, आपले दोन सांभाळून, त्याच पगारात. ईश्वरप्पाचा धाकटा भाऊ चन्नवीर बदली कामगार. रोज मिलच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तरच आत. खात्यात कायमची एक जागा निघाली, तेव्हा साहेबानं सांगून टाकलं की यंदा मिलच्या संघानं स्पर्धेची ढाल राखली तर ती जागा कुंडलिकची. मग खातं त्याला डोक्यावर घेणार होतं काय? तो जेवायला बसला की शेजारचे डबे उचलून पलीकडे सरकायचे. कुंडलिकही काही कमी नव्हता. इतक्या वर्षांत ईश्वरप्पाला कधी कपभर चहा पाजला नाही. उलट पेपरात आलेला आपला फोटो त्यानं स्वतःच खात्याच्या खांबावर चिकटवला.

पण खरी गोम वेगळीच होती. हात राहिलाच नव्हता. दोन हंगामांपूर्वी खांदा गेला तो गेलाच, आणि डॉक्टरकडे जावं तर बातमी फुटणार. तेव्हापासून कुंडलिक नुसत्या दराऱ्यावर खेळत होता. बॉल उचलायचा, हात मागे न्यायचा, डोळे वटारायचे. पळणारे आपसूक थांबायचे. खांद्याची गोष्ट ओळखली होती एकट्या ईश्वरप्पानं. खुंटीला सदरा अडकवताना उजवा हात छातीच्या वर जात नाही, हे त्यानं पाहिलं होतं. तो बोलला मात्र नाही, संधीची वाट बघत होता.

पंच्याहत्तर सालची फायनल पार्क मैदानावर झाली. मिलला दुपारनंतर सुट्टी होती, कामगार मिलच्या कपड्यांतच मैदानावर आले होते. दोन बॉल उरले असताना समोरच्यांच्या शेवटच्या जोडीला दोन धावा हव्या होत्या. एकच निघाली तर बरोबरी, आणि ढाल गतवर्षीच्या विजेत्याकडे, म्हणजे मिलकडेच राहणार. बॉल नेमका कुंडलिककडे आला. त्यानं वाकून उचलला, आणि पाठीमागून, अगदी दोरीजवळून, ईश्वरप्पा गळा ताणून ओरडला, "पळा! दुसरी पळा! त्याच्या हातात काय न्हाय आता, खांदा गेलाय त्याचा!"

संपलं सगळं, कुंडलिकला वाटलं. सवयीनं त्यानं हात मागे नेला, एवढंच.

फलंदाजांनी ओरडा ऐकला, ओरडणाऱ्याच्या अंगावरचे मिलचे कपडे पाहिले आणि एक धाव काढून जागीच थांबले. मिलचाच माणूस आपल्याला जिंकवायला निघालाय? दुसरीला पळवून रनआउट करायचा हा डाव ते ओळखून होते! शेवटचा बॉल हुकला, बरोबरी झाली आणि ढाल राहिली. लोकांनी कुंडलिकला खांद्यावर घेतलं, त्याच दुखऱ्या खांद्याला धरून, आणि तो कळ गिळत हसला.

आठवड्यात तो कायम झाला. पण हंगाम संपला होता, साहेबाचीही बदली झाली, आणि नव्या साहेबाला खेळाचं वेड नव्हतं. ज्याचे माग त्यानं चालवावेत, असा त्याचा हुकूम आला. ईश्वरप्पा शांतपणे आपल्या दोन मागांकडे सरकला.

कुंडलिकच्या मागावर धागा तुटला. माग खडखडत राहिला, कापड नासत चाललं. कुंडलिकनं एक दांडा ओढला, मग दुसरा. खातं हातावर हात ठेवून बघत होतं.

"ईश्वरप्पा, थांबवायचा दांडा कुठला? सांगा की!"

"मला काय इचारतोस?" ईश्वरप्पा मान वर न करता म्हणाला. "मी खोटं बोलणारा माणूस हाय. सगळ्या मैदानानं बघितलंय."