भोंगेवाल्यांचं मागे पडलेलं घड्याळ

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली भोंगेवाले म्हणायची. कारखान्यात पाळी बदलताना जो भोंगा व्हायचा, त्याचा दोर ओढणं हे त्यांचं काम. तो ऐकून लोक घरातली घड्याळं लावत, दुकानदार कुलपं काढत आणि आया पोरांच्या पाठीत धपाटे घालून त्यांना उठवत. रोज गावाची झोपमोड करूनही त्यांना कुणी कधी नाव ठेवलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

निवृत्त झाल्यावर दोर सुटला, वळण सुटलं नाही. सातचा चहा म्हणजे सातचा. उशीर झाला तर ते बोलत नसत, नुसतं स्वयंपाकघराच्या दारावरच्या घड्याळाकडे बघत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या. ‘भोंगा कुणासाठी थांबत नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी नणंद झाली तेव्हा सासूबाई दवाखान्यात कळा सोसत होत्या, आणि हे पाळी संपवून, सुटीचा भोंगा देऊन मग तिकडे गेले. तोवर बाळ जन्मून झोपलंसुद्धा होतं. हा किस्सा ते मोठ्या अभिमानाने सांगत. सासूबाई तेव्हा मान खाली घालून हातातलं काम करत राहत. मला मात्र तो किस्सा ऐकला की राग येई, आणि तो माझ्या भांडी आपटण्यातून सगळ्यांना कळे.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हाताला कामाला लावा, हळूहळू येईल. मांडीवर ठेवून बसलात तर गेलाच समजा. तेव्हा त्यांनी सातचा चहा आपल्याकडे ठेवून घेतला. बाकी स्वयंपाक माझा. पण डाव्या हाताने आलं किसायचं, उजव्याने पातेलं कसंबसं धरायचं, साखरेचा डबा उघडता उघडता घाम यायचा. त्यात मदत केलेली खपायची नाही. चहा बाहेर यायला भलताच उशीर व्हायचा. चारच दिवसांत त्या दारातल्या घड्याळाखाली उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, आता हे आपल्याच्याने होत नाही, यापुढे चहा सुनेने करावा. माझ्या नवऱ्याने हातापाया पडून त्यांना आणखी एक दिवस करून बघायला लावलं. एकच दिवस. त्या शब्दाच्या पक्क्या, एक म्हणजे एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आले तर सासरे स्टुलावर चढलेले, हातात घड्याळ. काटे मागे फिरवत होते. मला बघून दचकले. आयुष्यभर लोकांना खरी वेळ सांगणारा माणूस चोरासारखा दिसत होता.

“बोलू नकोस,” ते हळूच म्हणाले. “बोललीस तर तिचा हात थांबेल.”

त्या दिवशी चहा सातला आला. सासूबाईंनी वर घड्याळाकडे बघितलं आणि कप ठेवला. दुसऱ्या दिवशीही त्याच उठल्या.

मग आमच्या घरात दोन वेळा नांदू लागल्या, एक फोनवरची आणि एक दारावरची. चहा लांबला की न्याहारी लांबायची, न्याहारी लांबली की जेवण. पूर्वी ताट वाढायला जरा वेळ झाला तर कपाळाला आठ्या घालणारे सासरे आता पोटात कावळे कोकलत असताना पेपर उलटा-सुलटा वाचत बसत. वर म्हणत, आज भूकच नाही बघ. दारावरच्या घड्याळावर विसंबून माझ्या नवऱ्याची दोनदा बस चुकली. कारण मला माहीत असूनही मी त्यालाच वेंधळा म्हटलं. मला त्या दिवसांत सासऱ्यांबद्दल जे वाटलं ते लग्नानंतर इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. माया वाटली. सासूबाईंच्या बोटांत हळूहळू जोर येत होता, गाळणं धरता येऊ लागलं होतं.

आणि मग नणंदेचे यजमान मुक्कामाला आले. माणूस भला, पण हाताला स्वस्थता नाही. रात्री जेवण झाल्यावर त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. भोंगेवाल्यांच्या घरात घड्याळ मागे, असं म्हणून हसले, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत नवा सेल घालून काटे बरोबर लावून मोकळे झाले. सासूबाई समोरच बसलेल्या. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसून होतो. सात वाजून गेले. काटा पुढे जात राहिला. शेवटी सासूबाई आल्या, कप उजव्या हातात, डाव्याचा आधार. त्यांनी दारावर बघितलं.

“जावईबापूंनी घड्याळ बिघडवलं,” सासरे घाईने म्हणाले आणि स्टूल आणायला उठले.

“बसा,” सासूबाई म्हणाल्या. “घरामागच्या शाळेची सातची घंटा रोज ऐकते मी. हात लुळा पडलाय, कान नाही.”

आवाजावर सगळ्या गावाला चालवणारा माणूस, आणि नेमकी घंटाच विसरला होता. सासरे तसेच अर्धवट उभे राहिले. मग माहीत होतं तर बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी कप जपून खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

“माझ्यासाठी तुम्ही पहिल्यांदाच थांबत होता,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, थांबू दे.”

जावईबापू जमिनीकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. सासऱ्यांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

“उशीर झालाय,” ते म्हणाले. “आता झालाच आहे, तर तूही बस. हिचा कप आण गं सूनबाई.”

इतक्या वर्षांत सासूबाईंनी सकाळचा चहा बसून घेतलेला मी पाहिला नव्हता. मी कप आणला. त्या बसल्या. चहा निवला होता, पण तो गरम करायला कुणी उठलं नाही.