दोन डब्यांची बिस्किटं

भट्टीतून पत्रा बाहेर आला की बाई त्यातलं एक बिस्किट उचलायच्या, कानाजवळ नेऊन मोडायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोलतंय." मग अर्धा तुकडा समोर जो कोणी उभा असेल त्याच्या हातात. पोस्टमन असो नाहीतर म्युनिसिपालटीचा साहेब. "आधी खावा, मंग काय ते काम सांगा." तोंडात बिस्किट असलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नगरला छावणीच्या अंगाला त्यांची छोटी बेकरी होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकहाती चालवली. रविवारी चर्च, म्हणून भट्टी बंद. आणि त्या दिवशी बाई विनाकारण चिडलेल्या असायच्या. रिकामे हात त्यांना सोसत नसत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो दुष्काळात. मी तेव्हा एका डॉक्टरांच्या हाताखाली होतो. पाथर्डीकडच्या रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडायच्या, त्यांच्या पोरांची वजनं घ्यायची, एवढंच माझं काम. तुमच्यापैकी कोणी ते केलं असेल तर त्याला सांगायला नको. काट्याला टांगलेलं पोर रडायला हवं. ती पोरं रडत नव्हती. संध्याकाळी घरी आलो की जेवण जायचं नाही आणि जेवल्यावर झोप यायची नाही.

डॉक्टरांच्या मनात होतं की शेंगदाण्याचं पीठ आणि दुधाची भुकटी घातलेलं बिस्किट द्यावं आणि पोरं सुधारतात का ते नीट तपासावं. सरकारची एक योजना तेव्हा होती. एखाद्या छोट्या कारखानदारानं आरोग्याच्या संशोधनात भागीदार व्हायचं, सरकार त्याला अनुदान देणार. नगरातल्या मोठ्या बेकऱ्यांनी हात झटकले. बाईंनी अर्धा तुकडा डॉक्टरांच्या हातात ठेवला आणि अंगठ्याएवढ्या अक्षरात सही केली.

अनुदान मंजूर झालं, पण यायचं नाव घेईना. बाई हसून म्हणायच्या, "डॉक्टरांचं नि माझं लगीन सरकारनं लावलं, पन आहेर काय येईना!" साठीच्या विधवा बाईच्या तोंडी हे ऐकून डॉक्टर कानापर्यंत लाल व्हायचे. मला त्या 'काटेवाले' म्हणत.

बिस्किटं दोन तऱ्हेची होती. लाल चिठ्ठीच्या डब्यात शेंगदाण्याची, निळ्या चिठ्ठीच्या डब्यात नुसत्या मैद्याची. दिसायला सारखी. पोरं ओळीत उभी करून एक लाल, एक निळं असं ठरवलं होतं. पावसाळ्यापर्यंत लाल डब्यातली पोरं जास्त भरली, तर साऱ्या तालुक्याला हे बिस्किट द्यायचं सरकार ठरवणार होतं. सगळं त्या फरकावर होतं.

पहिल्या खेपेला बाई टेम्पोत बसून आमच्याबरोबर कामावर आल्या. तिथे दोन बहिणी होत्या. ओळीत मागेपुढे उभ्या, म्हणून थोरली लाल डब्यात आली आणि धाकटी निळ्या. धाकटी एवढीशी, पोट पुढे आलेलं.

"हिला निळ्यातलं का वो?" बाईंनी विचारलं.

"तुलना करायला, बाई. नाहीतर कळणार कसं?"

"म्हंजी हिला नुसता मैदा."

"हो."

परतताना टेम्पोत बाई खडीच्या ढिगांकडे बघत बसल्या. मला वाटलं, उन्हानं दमल्या असतील.

मग खेपांमागून खेपा गेल्या. पोरं भरू लागली. एके दिवशी काट्यावरची धाकटी मोठ्यानं रडली आणि मला इतका आनंद झाला की मी तिच्या आईला ओरडून सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली.

पावसाच्या तोंडावर मुंबईचा अधिकारी आला. बेकरीतच बसलो. डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी सांगितलं, पोरं दोन्ही डब्यांतली भरली, पण सारखीच भरली. म्हणजे हे बिस्किटाचं काम नाही. मजुरीचं धान्य घरात आलं, त्याचं असेल. अधिकाऱ्यानं कागद आवरायला घेतले.

बाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. त्यांना तर बातमी ऐकून आनंद झाला होता.

"फरक कसा पडंल, साहेब? दोन्ही डब्यांत मी शेंगदान्याचंच घालत हुते. दुसऱ्या खेपेपासनं. वरचा खर्च मी माझा केला, सरकारला न्हाई लावला."

डॉक्टर उठून दारापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई, तुम्ही ते वेगळं ठेवलं असतं, तर साऱ्या तालुक्यातल्या पोरांना मिळालं असतं हो."

"कवा?"

"पुढच्या वर्षी."

"त्या बारकीला तवर काय द्यायचं हुतं?"

उत्तर अधिकाऱ्यानं दिलं: अटीप्रमाणे काम झालेलं नाही, अनुदान रद्द. बाईंनी त्यालाही अर्धा तुकडा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

मी त्यांच्यावर चिडलो होतो. इतक्या महिन्यांची माझी पायपीट, डॉक्टरांची मेहनत, सगळं या बाईच्या मायेनं मातीत घातलं, असं मी बाहेर बोललोही. बाईंनी आणखी काही खेपा पदरच्या पैशानं धाडल्या. मग मैदा मिळेना आणि भट्टीच थंड झाली. डॉक्टरांनी पुन्हा अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. तालुक्याला बिस्किट मिळालं नाही ते नाहीच.

पुढे बाई आजारी पडल्या आणि राहात्याला भाचीकडे गेल्या. मी भेटायला गेलो. खाटेवर त्या एवढ्याशा झाल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्या दोघी भैनी मी डोळ्यानं बघितल्या, म्हनून घातलं. पन बाकीच्या गावांतली पोरं मी कुटं बघितली हुती? त्यांचं माझ्यापायी गेलं का वो?"

याच प्रश्नाचं उत्तर मी एके काळी चारचौघांत ठणकावून देत होतो. खाटेवरच्या त्या चेहऱ्याकडे बघून मला माझीच शरम वाटली, आणि त्यांची फार माया आली.

"नाही, बाई," मी म्हणालो. "तुमच्यापायी काही गेलं नाही."

"बरं वाटावं म्हनून म्हनताय," त्या म्हणाल्या. माझं मनगट सोडलं आणि हळूच भिंतीकडे तोंड केलं.