मिश्र, चूक माझी

उषामावशींच्या तारनाक्याच्या घरी चहाच्या आधी चिठ्ठी वाचावी लागे. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, फळ्यांवर प्लास्टिकचे डबे आणि प्रत्येक डब्यात नारळाच्या भुग्यावर बसलेला एकेक टॅरँटुला, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा केसाळ कोळी. झाकणावर चिठ्ठी असे. प्रजाती कोणती, आई कोण, बाप कोण, कुणाकडून आला, शेवटची कात कधी टाकली. "आधी वाच, मग बघ," मावशी म्हणत. "न वाचता बघणारा नुसता किंचाळतो."

चिठ्ठ्या मराठीत होत्या आणि माझं मराठी वाचन तेव्हा फार अडखळत होतं. इंग्रजीत का लिहीत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत मला सफाईनं खोटं लिहिता येतं. सगळी नोकरी तेच केलं. मराठीत हात अडतो."

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाण्याच्या टंचाईवरच्या पत्रकावर सही मागायला गेले होते. आमच्या घरी पत्रकं जेवणाच्या ताटाइतकीच रोजची होती. बाबा कामगार संघटनेत, त्यामुळे शाळेच्या पुस्तकांआधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. मावशींनी माझं पत्रक दोनदा वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे खरं आहे, की नुसतं गरम आहे?" मी ती ओळ खोडल्यावरच त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

मावशी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. तिथल्याच एका तेलुगू सहकाऱ्याशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा माहेरचं दार बंद झालं. नवरा वारल्यावर त्यांनी कोळी पाळायला सुरुवात केली. "बोलत नाहीत, सल्ले देत नाहीत, महिन्यातून चारदा जेवतात. असे नातेवाईक कुणाला मिळतात?"

त्यांची चूक झाली ती पाच वर्षांपूर्वी. त्यांच्याकडे मध्य अमेरिकेतल्या कुरळ्या केसांच्या प्रजातीची एक मादी होती. तिच्यासाठी त्यांनी कुकटपल्लीच्या श्रीधरकडून नर आणला. श्रीधरचं पाळीव प्राण्यांचं दुकान. नर आणला की त्याने टाकलेली कात भिंगाखाली तपासून प्रजातीची खात्री करायची आणि मगच जोडी लावायची, हा मावशींचा शिरस्ता. या वेळी त्यांनी कात नुसतीच पाकिटात जपून ठेवली. श्रीधरच्या डब्यावर सुरेख अक्षरात चिठ्ठी होती. आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

अडीचशेच्या वर पिल्लं झाली. त्यातली साठेक मावशींनी शहरातल्या हौशी लोकांना, श्रीधरलाही, फुकट वाटली. वर्षभरानं पिल्लांचे केस सरळ यायला लागले, पाठीवर तांबूस. मावशींनी पाकिटातली कात काढली आणि दोन दिवस भिंगाला डोळा लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "नर लाल पाठीच्या प्रजातीचा होता. मी संकर केलाय."

मला त्यात काही वाईट दिसेना. उलट मी पेटलेच. 'शुद्ध वंश', 'अस्सल रक्त' हे शब्द माणसांच्या बाबतीत काय करतात ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. मी रातोरात पत्रक लिहिलं आणि संकराचं समर्थन केलं. मावशींनी ते वाचलं आणि चार तुकडे केले.

"हौली आहेस का तू, खुळी कुठली? माणूस एकच प्रजाती आहे. म्हणून माझ्या लग्नावर बोलणारे गाढव होते. हे दोन वेगळे जीव आहेत, वेगळ्या जंगलातले. माणसांचा न्याय कोळ्यांना लावू नकोस, आणि कोळ्यांचा माणसांना तर मुळीच नाही." मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "डब्यातल्या जिवाचं जंगल सुटलेलं असतं. नाव तेवढं उरतं. यातलं एक पिल्लू 'अस्सल कुरळी' म्हणून विकलं गेलं, त्याला पिल्लं झाली, की काही वर्षांत अस्सल कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही. ती घाण मी केलीय. निस्तरायला मलाच पाहिजे."

त्या रविवारी कुकटपल्लीतल्या एका गच्चीवर कोळी पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक होती. मावशी उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. श्रीधर हसत म्हणाला, "अम्मा, कायकू टेन्शन लेते? सब मेरेकू दे दो. नया कलर बोलके जाता, हाथोंहाथ."

मंडळातले ज्येष्ठ एक मराठी वकील. ते म्हणाले, "उषाताई, बाटलेलं ठेवू नये. फ्रीजरमध्ये टाका, रात्रीत प्रश्न मिटेल."

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "माझ्या लग्नात माझ्या भावानं हाच शब्द वापरला होता, वकीलसाहेब. त्यानं फ्रीजर तेवढा सुचवला नव्हता."

मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"मी विकणार नाही," मावशी म्हणाल्या, "मारणार नाही आणि लपवणारही नाही. पुढची वीण होऊ देणार नाही. चूक माझी आहे, पिल्लांची नव्हे."

घरी येऊन त्यांनी प्रत्येक डब्यावर नवी चिठ्ठी लावली: 'मिश्र. चूक माझी.' खाली पूर्ण नावाची सही. मग वाटलेली पिल्लं परत आणायला निघाल्या. मी पिशव्या धरायला सोबत. आबिड्सला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंकडे एक होतं. ते म्हणाले, "ले जाव अम्मा, आपका हुकूम. पन बच्ची रोती मेरी." मावशींनी त्यांच्या मुलीला समोर बसवून सगळं समजावलं, मग सलीमभाईंकडून उर्दूत तीच चिठ्ठी लिहून घेतली, खाली त्यांची सही घेतली आणि पिल्लू मुलीकडेच ठेवलं. "ज्याला लिहायची लाज वाटत नाही त्याच्याकडे जीव सुरक्षित," जिना उतरताना त्या म्हणाल्या.

श्रीधरकडे नऊ होती. तो देईना. मावशी दुकानासमोर खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, "इसके पास मेरे पिल्ले हैं. मिलावटी हैं. गलती मेरी है." श्रीधर ओरडला, मग हात जोडले, मग दोन दिवस दुकानच उघडलं नाही. सहाव्या दिवशी त्यानं सात पिल्लं आणून दिली. दोन विकली गेली होती. ती कुठे गेली ते कळलं नाही. त्या दोन पिल्लांचा विषय निघाला की मावशी पाणी प्यायला उठत.

मंडळानं त्यांना फोनवरच्या ग्रुपमधून काढलं. त्यांच्या अस्सल कोळ्यांकडेही मग कुणी फिरकेना. मी चिडून म्हटलं, खरं बोलल्याची ही शिक्षा. त्या म्हणाल्या, "नक्को, शिक्षा म्हणू नकोस. खरं बोलायला लागलेला खर्च म्हण. तो मी केला. मला कुणी लुटलं नाही."

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. अस्सल कोळी मी चिठ्ठ्यांसकट चांगल्या घरी दिले. मिश्र तेवढे माझ्या खोलीत आणले. बरेचसे नर आपापला छोटा काळ संपवून मेले आहेत. माद्या चांगल्या वाढल्या आहेत, काळ्या, तांबूस झाक असलेल्या, खरं सांगायचं तर सुंदर.

महिन्याभरापूर्वी श्रीधर आला. मावशींबद्दल दोन शब्द चांगले बोलला, मग डब्यांकडे बघत राहिला.

"अब तो अम्मा नैं हैं," तो म्हणाला. "दे दो ना. किसकू मालूम पडता?"

"मेरेकू," मी म्हटलं.

"मादी बीस-बीस साल जीती, मालूम? कब तक पालते तुम?"

"मैं छब्बीस की हूँ," मी म्हटलं, आणि खाद्याच्या झुरळांचा डबा उघडून कोळ्यांना जेवायला घालू लागले.