वसंतकाका मेण संपेपर्यंत कापत राहिले

वैशालीचं, माझ्या बायकोचं, मोठं आतडं काढायचं ठरलं होतं.

ते आजही तिच्या पोटात आहे. ज्यांच्यामुळे आहे, ते वसंतकाका आज पहाटे गेले.

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या समोरच राहायचे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. आतड्याचा तपासणीसाठी काढलेला कण मेणात बसवायचा, मशीनवर त्याच्या कागदाहून पातळ चकत्या कापायच्या, काचेवर घ्यायच्या. आयुष्यभर हेच काम.

वैशालीचं निदान होतं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. औषधं लागू पडेनात. ऑपरेशनची तारीख मिळाली.

तेव्हाच लॅबच्या डॉक्टर मॅडमना शंका आली. हा क्रोन्स, म्हणजे आतड्याचाच दुसरा आजार, तर नाही? पुन्हा चकत्या कापा म्हणाल्या.

मी काकांना विचारलं, फरक काय?

"रोड खोदते ना गा, तसं. कोलायटिस म्हणजे एका टोकापासून सलग खोदत आलेला रोड, पण नुसतं वरचं डांबर उखडलेलं. क्रोन्स म्हणजे इथं गड्डा, मंग चांगला रोड, मंग पुन्हा गड्डा. अन् थेट खालच्या पाइपापर्यंत!"

"मग ऑपरेशन?"

"कोलायटिस मोठ्या आतड्यातच राहते. ते काढलं, खेळ खतम. क्रोन्स तोंडापासून खालपर्यंत कुठंही येते. मोठं आतडं काढलं तरी लहान्यात येऊ शकते."

आत वैशाली रडत होती. काका दारातूनच ओरडले, "काहून रडून राहिली वं? मले कापू तर दे!"

एरवी चार-सहा चकत्यांत भागतं. पण क्रोन्सची खूण एखाद्याच चकतीत सापडू शकते. काका कापतच राहिले.

लॅबमधला सोबतचा म्हणाला, "काका, मेण संपत आलं."

"मंग संपू दे!"

दुसऱ्या दुपारी फोन. हॅलो नाही, काही नाही.

"भेटला गा, भेटला! मॅडमले ग्रॅन्युलोमा दिसला! निघा, दोघंही निघा!"

ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचा बारीक पुंजका. कोलायटिसमध्ये सहसा नसतो, क्रोन्समध्ये असू शकतो. टीबीतही असतो, म्हणून तीही तपासणी झाली. टीबी नव्हता. स्कॅनमध्ये लहान आतड्यातही चट्टे निघाले.

क्रोन्सच!

ऑपरेशन रद्द. औषध बदललं.

पेपरात मी इतकी वर्षं ब्रेकिंग न्यूज लिहिल्या. अशी एकच ऐकली.

आजार आहेच, इंजेक्शनं चालूच आहेत. पण एकेकाळी जुलाबांपायी गेटपर्यंत जायला भिणारी वैशाली आज काकांना निरोप द्यायला घाटावर आली. तीन तास उभी होती.

बाथरूम कुठे आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

काका, आम्हा दोघांचा शेवटचा नमस्कार.