खालच्या थरातली आई

परवा माझी झोप उडाली ती पहिलीतल्या माझ्या लेकीमुळे, इरामुळे. शाळेत पालकांसमोर तिला ‘माझी आई काय करते’ हे सांगायचं होतं, आणि ते मलाच धड सांगता येत नाही! वणीच्या उकाड्यात बसून मी पार उत्तर ध्रुवाकडच्या गारठलेल्या दलदली कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये वाढवते. तिथलं शेवाळ मरतं, पण थंडीत आणि पाण्यात नीट कुजत नाही. थरावर थर चढतो. त्याला पीट म्हणतात. आमच्या घरात किस्सेही तसेच साचतात.

*

सासूबाईंना समजावलं, की हा थर वर्षाला जेमतेम नखाच्या जाडीएवढा वाढतो.

“अन् कुजत बी नाही? मंग कायले वाढवून राह्यली? आपला उकिरडा काय वाईट हाय!”

*

सासरे कोळसा खाणीतून रिटायर झालेत. पीट दबून लाखो वर्षांनी कोळसा होतो, हे ऐकून त्यांना माझ्याबद्दल माया दाटून आली.

“पोरी, तू आता सुरुवात करून राह्यली! आम्ही तं उपसून मोकळे झालो.”

*

शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारतात, “मॅडम, उद्या पाणी येते काय? कापूस वेचाचा हाय.”

“काका, माझं मॉडेल हजारो वर्षांच्या हवामानाचं आहे, उद्याच्या पावसाचं नाही.”

“मंग अंदाजे सांगा न!”

*

एकदा गंमत म्हणून मॉडेलमध्ये वणीचं हवामान टाकलं आणि बदलायलाच विसरले. ऑनलाइन मीटिंगमध्ये परदेशातल्या साहेबांनी आलेख उघडला, तर दलदल गायब!

“काय झालं इथे?”

“सर... उन्हाळा.”

मागून सासूबाई, “कूलर लाव म्हणा तिथं!”

माझा माइक चालू होता.

*

काम रंगात असताना इराने हाक मारली, की मी म्हणते, “थांब गं, मी खालच्या थरात आहे.” आणि थांबते बिचारी. म्हणून तर भीती, की पोरीला आई म्हणजे कॉम्प्युटरसमोरची नुसती पाठच आठवेल.

कार्यक्रमात इरा माइकसमोर उभी राहिली. “माझी आई शेवाळ वाढवते.” सगळे हसले. मी ओढणीत तोंड लपवलं.

टीचरने विचारलं, “अरे वा! मग आई घरीच असते का तुझ्यासोबत?”

इराने गर्दीत मला शोधलं. मी ओढणी बाजूला केली.

“असते न टीचर. पण लय खाली असते. हाक मारली की येते वर, हळूहळू. कुजत नाही ती!”